गॅस संपला म्हणता, तर तो गेला कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिन्याच्या शेवटी, ऐन नवतप्यात, पहाटे तीनच्या सुमारास माझ्या सहा वर्षांच्या नातवाने मला हलवून जागे केले. "आबा, एसीतून पाऊस पडून राहिला." पुण्याहून सुट्टीला आलेले पोर, आठ दिवसांत नागपुरी बोलायला लागले होते. आमच्या घरात एसी एकच, तोही हॉलमध्ये, त्यामुळे उन्हाळ्यात आम्ही सगळे हॉलमध्ये ओळीने गाद्या टाकून झोपतो. त्याच्या उशीवर खरेच टपटप पाणी पडत होते. मी उठून एसीसमोर हात धरला. वारा जेमतेम, आणि तोही कोमट. गॅलरीतले आउटडोअर मात्र नेहमीसारखे घरघरत होते. पुढचे झाकण उचलून मोबाइलच्या उजेडात आत पाहिले तर कॉइल पांढरीफटक. बाहेर मध्यरात्रीनंतरही उकाडा हटलेला नाही, घरातली माणसे घामाघूम, आणि माझ्या भिंतीवर बर्फ.

यात मला लाज का वाटली ते आधी सांगतो. मी रेल्वेत ३१ वर्षे एसी डब्यांवर नोकरी केली. फिटर म्हणून लागलो आणि पिट लाईनवरच, म्हणजे डबे तपासायच्या, खाली खड्डा असलेल्या रुळांवरच, निवृत्त झालो. डब्याच्या छतावर सात-सात टन क्षमतेची दोन मशीन असतात, त्यांनी माझी हयात खाल्ली. "एसी बंद आहे" म्हणून प्रवासी अटेंडंटच्या अंगावर धावून यायचे, आणि आम्ही वर चढून पाहिले की अनेकदा मशीन चालूच असायचे, फक्त कॉइलवर बर्फाची लादी. खाली फिल्टर काढला की त्यावर ब्लँकेटच्या तंतूंची गोधडी निघायची. एवढे पाहिलेल्या माणसाच्या स्वतःच्या घरी हे व्हावे!

रात्री कूलिंग बंद करून नुसता पंखा चालू ठेवला, खाली घमेले लावले. सकाळपर्यंत बर्फ वितळला. मी आंघोळीला गेलो तेवढ्यात ऊन चढले म्हणून घरच्यांनी एसी पुन्हा लावला. मुलाने फोनवरून मेकॅनिक बोलावला होता. माझा गुडघा आता स्टुलावर चढू देत नाही, म्हणून मीही अडवले नाही. अकराच्या सुमारास एक पोरगा आला. घामाने निथळत होता, त्या दिवसाचे त्याचे ते चौथे घर. त्याने इनडोअरचे झाकणही उघडले नाही. थेट गॅलरीत गेला, जाड पाइपाच्या व्हॉल्व्हला गेज, म्हणजे दाब मोजायचे घड्याळ, लावला, काटा पाहिला आणि म्हणाला, "काकाजी, गॅस संपला याच्यातला. ८५ दाखवून राहिला. २,८०० होतील."

मी विचारले, "संपला म्हणजे कुठे गेला?"

"उडून जाते ना जी, दोन-तीन वर्षांत."

संपादक महोदय, या एका वाक्यासाठी हे पत्र लिहीत आहे. हे वाक्य मी आमच्या कॉलनीत वीस घरांत तरी ऐकले असेल. लोकांना ते पटते, कारण आपल्या डोक्यात गॅस म्हणजे स्वयंपाकाचे सिलिंडर. रोज जळतो, महिन्याने संपतो. एसीतला गॅस जळत नाही, संपत नाही, झिजत नाही. तो तांब्याच्या बंद नळीत गोल गोल फिरतो: आत उकळून वाफ होतो, बाहेर दाबला जाऊन पुन्हा पातळ होतो. कारखान्यात भरला तेवढाच मशीन भंगारात जाईपर्यंत पुरायला हवा. कमी झाला असेल तर नळीला कुठेतरी भोक आहे, आणि भोक बुजवल्याशिवाय भरलेला गॅसही त्याच वाटेने जाणार.

मग ८५ खोटे होते का? नाही, काटा खरे बोलत होता, पोराने ऐकले चुकीचे. माझ्या मशीनमध्ये आर-३२ गॅस आहे. मोकळ्या हवेत तो उणे ५२ अंशांवरच उकळतो. नळीत त्याच्यावर दाब असतो म्हणून तो आपल्या सोयीच्या तापमानाला उकळतो. गेजवर दर चौरस इंचाला १२० पौंड दाब असेल तर तो साधारण चार अंशांवर उकळतो. खोलीची गरम हवा त्या थंड कॉइलवरून जाते, आपली उष्णता गॅसला देते आणि गार होऊन बाहेर येते. हवेतला ओलावा कॉइलवर पाणी होऊन थांबतो आणि निचऱ्याच्या नळीने बाहेर जातो. खिडकीखाली बादली भरते ना, ते हेच पाणी.

आता कॉइलपर्यंत हवाच कमी पोहोचली तर? उष्णता कमी मिळाली म्हणून गॅस कमी उकळतो. कॉम्प्रेसर मात्र तेवढ्याच जोराने ओढत राहतो, त्यामुळे नळीतला दाब पडतो, आणि दाब पडला की उकळण्याचे तापमानही खाली येते. ८५ पौंडांवर आर-३२ उणे पाच अंशांच्या आसपास उकळतो. म्हणजे जे पाणी थेंब होऊन गळायचे ते कॉइलवरच गोठायला लागते. कॉइलच्या अॅल्युमिनियमच्या पात्यांमध्ये जेमतेम दीड मिलिमीटरची फट असते, ती भरायला किती वेळ लागणार? फट भरली की हवा आणखी कमी, दाब आणखी खाली, बर्फ आणखी जाड. शेवटी कॉइल बर्फाच्या भिंतीमागे जाते. पंखा फिरतो, पण हवा कॉइलमधून न जाता कडेच्या फटींतून येते, तीही खोलीचीच. म्हणून वारा कोमट लागतो. आत बर्फ आणि बाहेर उकाडा यात जादू काही नाही.

त्यामुळे बर्फ साचलेल्या मशीनवर गेज लावला की दाब कमी दिसणारच, मग गॅस पुरेसा असो की नसो. अशा मशीनमध्ये गॅस भरला तर काटा वर चढतो, गिऱ्हाईक खूश होते, बर्फ सुटल्यावर आठवडाभर बरेही वाटते. पण मशीनमध्ये आता गॅस जास्त झालेला असतो. त्याचा भार कॉम्प्रेसरवर पडतो, आणि न उकळलेला पातळ गॅस परत कॉम्प्रेसरमध्ये शिरून त्याचे तेल पातळ करतो. कॉम्प्रेसर बसला की गोष्ट २,८०० वर थांबत नाही.

मी पोराला म्हटले, "बेटा, आधी बर्फ सोडव, मग झाकण उघड. गॅसचे नंतर पाहू." त्याचा चेहरा उतरला, कारण पुढच्या घरचा फोन दोनदा येऊन गेला होता. पण थांबला. पंखा चालू ठेवून दीड तास वाट पाहिली. त्याला ताक दिले, पोळी-भाजी दिली. झाकण उघडले तेव्हा माझ्या तोंडावर दोन चपराका बसल्या.

पहिली: फिल्टर स्वच्छ होते. मी स्वतः दर रविवारी नळाखाली धुतो, त्याचा मला केवढा अभिमान. पण फिल्टरच्या जाळीतून धूळ थोडीफार निसटतेच, आणि आमच्या घरात तिला चिकटायला गोंद मिळाला होता. दोन वर्षांपूर्वी मुलाने हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यातली भिंत पाडून ओपन किचन केले. आमच्याकडे फोडणी म्हणजे फोडणी असते. तर्रीसाठी मिरची जळते तेव्हा शेजारचे ठसकतात. त्या तेलकट वाफा रोज दोन वेळा एसी ओढत होता. वर समोरच्या सिमेंट रस्त्याच्या कामाची धूळ. ब्लोअर, म्हणजे इनडोअरमधला लांब नळकांड्यासारखा पंखा, त्याच्या प्रत्येक पात्यावर काळपट, चिकट थर. पाती अर्धी भरली की पंखा फिरतो पण हवा उचलत नाही, जशी भरलेल्या खोऱ्याने आणखी माती उचलत नाही. कॉइलच्या मागच्या बाजूचीही तीच गत. तिथे हात जात नाही आणि नजरही जात नाही. रेल्वेत मी हे पाहिले असते. घरात फिल्टर धुतला की झाले, असे समजून बसलो.

दुसरी चपराक बारीक होती. कॉइलला एक छोटा सेन्सर असतो, तांब्याच्या एका बोटभर खोबणीत खोचलेला. कॉइल फार गार झाली की तो मशीनच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला कळवतो आणि कॉम्प्रेसर थोडा वेळ बंद होतो, म्हणजे बर्फ व्हायच्या आतच मशीन स्वतःला आवरते. माझा सेन्सर खोबणीतून निघून हवेत लोंबत होता. गेल्या दिवाळीला प्रेशर पंपाने धुलाई करून गेलेल्या कोणीतरी तो परत खोचला नव्हता. हवेत लोंबणाऱ्या सेन्सरला वाटत होते, सगळे ठीक आहे.

ब्लोअर काढून साबणाने घासला, कॉइल मागून-पुढून धुतली, सेन्सर खोचला. पुन्हा गेज लावला. अर्ध्या तासाने १३० वर स्थिर. एक ग्रॅम गॅस लागला नाही. पोरगा काट्याकडे बराच वेळ पाहत राहिला. ६०० रुपये सर्व्हिसचे घेतले आणि गेला.

इथे एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. एसीचा "टन" हे बर्फाचेच माप आहे. यंत्रे नव्हती तेव्हा थंडावा बर्फाच्या लाद्यांनी मोजत. एक अमेरिकी टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ, २४ तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी ओढणारे यंत्र ते एक टनाचे. माझा दीड टनाचा एसी दिवसाला साडेतेराशे किलो बर्फाचे काम करतो. फक्त तो बर्फ त्याने स्वतःच्या अंगावर घेऊ नये.

गॅस कधी कमी होतच नाही असे मी म्हणत नाही. वरच्या मजल्यावरच्या वहिनींकडे दोन उन्हाळ्यांत तीनदा गॅस भरला गेला. त्यांनी मला बोलावले तेव्हा आउटडोअरच्या बारीक पाइपावर पांढरे दव गोठलेले होते आणि आत कॉइलच्या एका कोपऱ्यातच बर्फ होता, बाकी कॉइल कोरडी. ही खूण ओळखून ठेवण्यासारखी आहे. हवा अडली तर बर्फ बहुधा सगळ्या कॉइलवर पसरतो आणि जाड पाइपही गारठतो. गॅस कमी असेल तर बारीक पाइप गोठतो आणि कॉइलचा सुरुवातीचा भागच पांढरा होतो, कारण थोडासा गॅस तेवढ्यातच उकळून संपतो. तेव्हाही थंडावा नाहीच, पण कारण वेगळे. त्यांच्याकडे साबणाचा फेस लावून पाहिले तर फ्लेअर नटापाशी, म्हणजे पाइप जोडणाऱ्या नटापाशी, बुडबुडे. नटाखालचे तांब्याचे तोंड चिरले होते. तीन वेळा गॅस भरणाऱ्या तिघांपैकी एकानेही फेस लावला नव्हता. तोंड नवे पाडायला वीस मिनिटे लागली. नंतर व्हॅक्यूम पंप लावून नळी रिकामी केली आणि पाटीवर लिहिले होते तेवढेच वजन करून गॅस भरला. त्याला वर्ष होऊन गेले, वहिनींचा फोन आता फक्त हळदीकुंकवाचा येतो. गळती कॉइलच्या आतच असली तर मात्र काम मोठे असते. आणि आर-३२ थोडासा का होईना पेट घेणारा गॅस आहे, म्हणून नळीवरचे काम घरच्या घरी कोणी करू नये.

कोपऱ्यावरच्या एका घरी खिडकीच्या जुन्या एसीत पंखा मंद फिरायचा, म्हणून बर्फ. दोष मोटारीजवळच्या कपॅसिटरचा. त्याला आपल्याकडे सगळे कंडेन्सरच म्हणतात आणि मग बाहेरच्या कंडेन्सर कॉइलशी घोटाळा करतात. किरकोळ किमतीचा भाग, पण तिथेही आधी गॅसच भरला गेला होता.

आता नागपूरकरांची एक खास सवय. कुलर आणि एसी एकाच खोलीत एकदम लावणे! दोन्ही मिळून दुप्पट थंडावा, असा हिशेब. कुलर खोलीत पाणी सोडतो, एसी तेच पाणी हवेतून पिळून काढण्यात आपली ताकद घालवतो. कॉइल आधीच शून्याखाली गेली असेल तर कुलरच्या दमट हवेने बर्फ झपाट्याने चढतो. मे महिन्यातल्या आपल्या कोरड्या हवेत कुलर हे अप्रतिम यंत्र आहे. मी स्वतः वाळ्याच्या ताटीचा भक्त आहे. पण खिडकी उघडी ठेवून, आणि एसी बंद असताना.

तसेच रिमोटवर १६ करणे. साध्या, इन्व्हर्टर नसलेल्या मशीनमध्ये १६ केल्याने खोली लवकर गार होत नाही, कॉम्प्रेसर तेवढ्याच वेगाने चालतो. फक्त तो थांबत नाही. थांबला असता तर तेवढ्यात कॉइलवरचे गोठलेले दव वितळून गेले असते. जुलैच्या पावसाळी रात्री बाहेर २४ अंश, हवा दमट, खोलीत १६ लावून आणि पंखा सगळ्यात हळू ठेवून माणसे गोधडी पांघरून झोपतात, आणि पहाटे एसीतून "पाऊस" पडतो. ऊर्जा दक्षता ब्यूरोने १ जानेवारी २०२० पासून नव्या स्टारवाल्या एसींमध्ये सुरुवातीचे तापमान २४ ठेवायला लावले ते वीज वाचावी म्हणून, पण कॉइलच्या प्रकृतीलाही ते मानवते.

बर्फ दिसलाच तर कूलिंग बंद करावे आणि रिमोटवर फक्त पंखा जोरात ठेवावा. दोन-तीन तासांत, कधी जास्त वेळाने, वितळतो. खाली घमेले ठेवावे. चाकू, स्क्रू ड्रायव्हर, उलथने काहीही घेऊन बर्फ खरवडू नये. आमच्या गल्लीत एकाने खरवडला आणि तांब्याला भोक पाडून खराखुरा गॅस उडवला. गरम पाणीही ओतू नये, खाली बोर्ड असतो. एसीसमोरचा पडदा, कपाट, वाळत घातलेला टॉवेल बाजूला करावा. फिल्टर धुवावेच, पण वर्षातून एकदा ब्लोअर आणि कॉइलची मागची बाजू डोळ्यांनी पाहावी, आणि धुणाऱ्याला सेन्सर खोचला का हे विचारावे. ओपन किचनवाल्यांनी वर्षातून दोनदा. एवढे करूनही गोठला, तर मेकॅनिक बोलवायचा.

त्या पोरावर माझा राग नाही. तो आयटीआय झालेला आहे, हुशार आहे. त्याने मला सांगितले की मे महिन्यात दिवसाला दहा-बारा घरे करावी लागतात, पगार कामाच्या संख्येवर, आणि गॅस भरला तर वर काही सुटते. दीड तास बर्फ वितळायची वाट पाहायला त्याला कोणी पैसे देत नाही. गिऱ्हाईकही "गॅस भरला" ऐकले की समाधानाने पैसे काढते आणि "ब्लोअर धुतला" म्हटले की घासाघीस करते. आपण धुलाईचे पैसे नीट दिले असते तर कदाचित त्याने झाकण आधी उघडले असते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. घरी येऊन एसी दुरुस्त करणाऱ्या सगळ्या सेवा कंपन्यांनी, मोठ्या असोत की गल्लीतल्या, गॅसच्या बिलावर चार गोष्टी लिहाव्यात: बर्फ सुटल्यावर किती दाब होता, गळती नेमकी कुठे सापडली आणि कशी बंद केली, व्हॅक्यूम किती वेळ ओढला, आणि गॅस किती ग्रॅम भरला. किती भरायचा ते मशीनच्या पाटीवर छापलेलेच असते, माझ्या पाटीवर ७८० ग्रॅम आहे. या चार ओळी रिकाम्या असतील तर गिऱ्हाइकाने गॅसचे पैसे देऊ नयेत. आपल्या उन्हाळी पुरवणीत एसी कोणता घ्यावा याची चौकट दर वर्षी येते. पुढच्या वर्षी तिच्या शेजारी या बिलाचा नमुना छापावा, ही विनंती. मसुदा मी पाठवतो.

आपला,
एक निवृत्त रेल्वे एसी फिटर
नरेंद्रनगर, नागपूर